तिकडच्या वेण्या

आमच्या घरात 'तिकडे' म्हटलं की एकच जागा डोळ्यांसमोर यायची, समुद्रापलीकडचा तो भला मोठा खंड. माझे बाबा तरुणपणी तिथल्या एका सिमेंटच्या कारखान्यात फिटर होते. चार वर्षं राहून आले. घरातलं दुसरं कुणीच कधी विमानात बसलेलं नसल्यामुळे तिकडच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा.

"तिकडे काय आहे?" कुणी विचारलं की बाबा बोटांवर मोजून सांगायचे, "धूळ आहे, उकाडा आहे आणि पत्र्याच्या भिंती आहेत. शिवाय एक घरघर, दिवसरात्र. कारखान्याचे पंखे. चार वर्षं धड झोप नाही लागली." झालं, संपला खंड.

हे सगळं उलटंपालटं केलं माझ्या काकूने. काकू म्हणजे बाबांची थोरली वहिनी. काका गेल्यावर वर्षभरातच तिने घराच्या पुढच्या खोलीत पार्लर थाटलं. दोन खुर्च्या, एक बेसिन, कोपऱ्यातला पारा उडालेला मोठा आरसा, बस. केस कापायचे, भुवया कोरायच्या, लग्नघरच्या बायकांना सजवायचं. हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं, त्यामुळे पार्लर चाललं.

एके दिवशी सकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. इतकी उंच, की आत यायला तिला मान वाकवावी लागली. तिकडून नर्सिंग शिकायला आली होती. मोडकंतोडकं बोलत तिने स्वतःचे केस दाखवले. दाट, कुरळे, कंगव्याचं काही एक चालू न देणारे. तिला डोक्यालगत बारीक बारीक वेण्या घालून हव्या होत्या. आमच्या रस्त्यावरच्या दोन पार्लरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. एकीने म्हणे हसून घेतलं होतं.

काकूने तिच्या केसांत बोटं घातली, दाबून पाहिलं, एक बट ओढून सोडली. मग सरळ सांगितलं, "मला येत नाही."

मुलगी वळली.

"अगं, थांब की! येत नाही म्हटलं. शिकणार नाही असं कुठे म्हटलं? तुला येतं का? मग शिकव."

तो पूर्ण दिवस गेला. मुलगी खुर्चीत बसून हातातल्या आरशात बघत सांगत होती, काकू मागे उभी राहून घामाघूम होत होती. आपली वेणी कशी, तीन पेड घेतले आणि खाली गुंफत आलो. ही तशी नव्हे. डोक्याच्या कातडीला चिकटून पुढे सरकायचं, दर वळणाला खालून थोडे केस उचलायचे, आणि पेड वरून नाही, खालून फिरवायचा. दुपारी काकूचं जेवण राहिलं. शेवटी जे तयार झालं ते बघून मी तोंडावर हात ठेवला. भांग वाकडेतिकडे, डावीकडे सात वेण्या, उजवीकडे नऊ. मुलगी आरशासमोर गेली आणि इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. काकूही हसायला लागली.

"सोडू का सगळं?"

"नाही," ती म्हणाली, "मी अशीच कॉलेजला जाणार."

आणि गेली. पुढच्या आठवड्यात तीन जणी आल्या. वेण्या चांगल्या झाल्या होत्या म्हणून नव्हे, हे उघड होतं. 'शिकव' म्हणणारी बाई कोण, ते बघायला आल्या होत्या.

उंच मुलीला काकू 'लंबू' म्हणायला लागली आणि तेच नाव तिला चिकटलं. अशा वेण्यांना पाच-सहा तास लागतात. इतका वेळ एका माणसाचं डोकं तुमच्या हातात असेल, तर ते माणूस बोलणारच. लंबू तिच्या गावच्या सकाळचं सांगायची. धुकं इतकं, की शाळेत जाताना पुढच्या मैत्रिणीचं दप्तर दिसायचं, मैत्रीण नाही. स्वेटरशिवाय घराबाहेर पाय टाकायची सोय नाही. चष्मेवाली म्हणून दुसरी एक होती, ती म्हणायची, "काहीतरीच काय? तिकडे कुठे आलीय थंडी? आमच्याकडे समुद्र आहे, मिठाने सायकली गंजतात." तिसरीच्या गावात पाऊस पाहुण्यासारखा यायचा, आला की शाळेला सुट्टी. तिघी एकाच खंडाच्या, पण एकमेकींची गावं त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. आमच्या पार्लरमध्ये त्यांची जुंपायची आणि काकू मधे उभी राहून न्याय करायची.

"म्हणजे तिकडे असं एक तिकडे नाहीच मुळी!" एकदा ती बाबांना म्हणाली.

"वहिनी, मी तिथे राहून आलोय," बाबा म्हणाले.

पण एका रविवारी बाबा नळ दुरुस्त करायला पार्लरमध्ये आले, तेव्हा लंबू खुर्चीत होती. तिने सहज विचारलं, काका, तुम्ही तिकडे कुठे होता? बाबांनी गावाचं नाव सांगितलं. लंबू खुर्चीत गर्रकन वळली. अर्धी वेणी काकूच्या हातातून सुटली.

"सिमेंट कारखाना? निळं गेट?"

"हो, निळं गेट," बाबा चकित झाले.

"माझी शाळा त्याच भिंतीला लागून! मग तुम्ही धबधबा पाहिलाच असेल."

"कसला धबधबा?"

"कारखान्याच्या मागे, टेकडी उतरली की. खूप मोठा. रात्री सगळ्या गावाला ऐकू येतो."

बाबांच्या हातात पाना तसाच राहिला. "ते पंखे होते," ते हळूच म्हणाले.

"नाही काका. पंखे संध्याकाळी बंद व्हायचे. माझे वडील तिथे पहारेकरी होते, तेच बंद करायचे."

"आणि तो उकाडा?"

"तुम्ही कुठल्या विभागात होता?"

"भट्टीवर."

काकूने ओठ आवळून धरले, पण तिचे खांदे हलत होते. बाबा तसेच घरात निघून गेले. नळ पुढे तीन दिवस ठिबकत राहिला. जेवताना ते मला म्हणाले, "गेटच्या बाहेर जायला कुणी मना करत नव्हतं गं. रविवारी सुट्टी असायची. आम्ही पत्ते खेळत बसायचो."

लंबू शिकून परत गेली. जाताना ढसाढसा रडली, काकूही रडली. पण पार्लर ओस पडलं नाही. आता दुसऱ्या गावांतूनही मुली यायच्या. काकूचे भांग आखल्यासारखे सरळ पडायचे, वेण्या मोजून सारख्या. तिकडच्या तीन भाषांमधलं तिला थोडं थोडं येऊ लागलं होतं, तेही फक्त कामापुरतं: मान खाली कर, हलू नकोस, दुखतंय का, बघ किती सुंदर.

मग एक दिवस लंबूचा व्हिडिओ कॉल आला. तिचं लग्न ठरलं होतं.

"मावशी, माझ्या वेण्या तुम्ही घालायच्या."

"अगं, पण तुझ्या गावात काय बाया नाहीत?"

"आहे ना, माझी आत्या. गावातल्या प्रत्येक नवरीच्या वेण्या तिनेच घातल्यात. ती खूप चिडलीय." लंबूने आवाज खाली आणला. "म्हणूनच या. तुमचा हात स्वतः बघितल्याशिवाय ती ऐकायची नाही."

काकूने एका दमात 'येते' म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर मटकन खाली बसली. "मी काय बोलून बसले!"

"बोललात ते बरं केलंत," दारातून बाबा म्हणाले. "वहिनी, मीही येतो. मला एक गोष्ट बघायची राहिलीय."

मीही निघाले. तिकडच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणारी अधिकारी बाई भलतीच कडक होती. कशाला आलात, किती दिवस, कुणाकडे. काकूचं लक्ष तिच्या केसांकडे. एक वेणी कानामागे उसवत होती. काकूने त्या काचेच्या फटीतून हात घातला आणि लंबूच्या भाषेत ठणकावलं, "हलू नकोस!" मी डोळे मिटून घेतले. वाटलं, आता इथूनच परत. पण त्या बाईने खरंच मान स्थिर ठेवली. काकूने चार वळणांत वेणी बसवून दिली आणि म्हणाली, "बघ किती सुंदर." मागची सगळी रांग हसत होती, आणि शिक्का मारणारी बाईसुद्धा.

गावात पोहोचलो त्या दुपारी बाबा कुणासाठी थांबले नाहीत. निळं गेट आता रंग उडून करडं झालं होतं. लंबूचे वडील, ते जुने पहारेकरी, आमच्याबरोबर आले. भिंतीच्या कडेने पायवाट, पुढे टेकडीचा उतार, आणि एका वळणावर तो समोरच आला. पांढराशुभ्र, रुंद, खाली पडता पडता धूर व्हावा तसा. तुषार आमच्या तोंडावर येत होते. बाबा कितीतरी वेळ उभे होते. मग मोठ्याने, त्या आवाजाच्या वर आवाज काढून ओरडले, "हाच! हाच आवाज!" आणि त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला त्यांनी घट्ट मिठी मारली. दोघांनी एकाच कारखान्यात चार वर्षं काढलेली, आणि आज पहिल्यांदा बोलत होते.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. लंबूच्या घराचं अंगण बायकांनी भरलेलं. मधे एक स्टूल. स्टुलाशेजारी आत्या उभी, आडव्या बांध्याची, कमरेवर हात. तिने काकूला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काहीतरी फाडकन बोलली. लंबूने खाली मान घालून सांगितलं, "आत्या म्हणते, आधी माझं डोकं."

आणि डोक्याचा रुमाल सोडून आत्या स्वतःच स्टुलावर बसली.

काकूने पदर खोचला, तेलाची वाटी जवळ ओढली आणि टोकदार कंगव्याने पहिला भांग पाडला. कपाळापासून मानेपर्यंत, एका ओढीत. कुणीतरी 'हं' केलं. तिने पहिली वेणी धरली. आत्या बोट मागे नेऊन प्रत्येक वळण चाचपून बघत होती. तिसऱ्या वेणीला तिने मानच वळवली, बहुधा काकू काय करतेय ते बघायला. काकूने दोन्ही तळव्यांनी ते डोकं धरून सरळ केलं. "हलू नकोस!"

त्यांच्या भाषेत मोठ्या माणसांशी बोलायची रीत निराळी आहे. काकूला फक्त पोरींशी बोलायची येत होती. त्या आत्याला असं बोलायची हिंमत गावात कुणी केलेली नव्हती.

आत्याचे खांदे हलले. पुन्हा हलले. ती हसत होती. आधी दाबून, मग मोकळेपणाने, आणि तिच्यामागोमाग सगळं अंगण.

ऊन कलायला लागलं तेव्हा काकूने शेवटच्या वेणीचं टोक, उसवू नये म्हणून, गरम पाण्यात बुडवून बसवलं आणि आरसा पुढे केला. आत्याने या कानापासून त्या कानापर्यंत बघितलं. डाव्या बाजूच्या मोजल्या, उजव्या बाजूच्या मोजल्या. नंतर उठली, काकूचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उलटेसुलटे केले, जणू त्यांत काही लपवलंय का ते बघत होती. आणि लंबूकडे बघून एकच शब्द बोलली. त्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही.

लंबू स्टुलावर बसली.

लग्नाच्या दिवशी ती दारातून बाहेर आली, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या वेण्या कपाळापासून वळत वळत मागे एका उंच अंबाड्यात जात होत्या. बायकांनी एकच गलका केला. आत्या माझ्या काकूला पुढे ढकलत होती, हिने, हिने, असं सगळ्यांना बोटाने सांगत होती. उभ्या जन्मात कधी न नाचलेली माझी काकू त्या दिवशी पाय दुखेपर्यंत नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सामान बांधायला घेतलं, तर अंगणात बायकांची रांग. शेजारच्या गावातूनही आलेल्या. आत्याने त्यांना दटावून ओळीत उभं केलं होतं आणि आपलं दुसरं स्टूल काकूच्या स्टुलाला लावून ठेवलं होतं. बाबा चुलीवरून गरम पाणी आणत होते, पहारेकरी त्यांना बादल्या भरून देत होते आणि दोघं खाणाखुणांनी कारखान्यातल्या जुन्या साहेबाची टिंगल करत होते.

मी म्हटलं, "काकू, आपलं परवाचं विमान!"

"परवाचं ना?" काकूने हातातल्या पोरीची वेणी संपवली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि रांगेकडे बघून आवाज दिला, "चला, पुढची कोण?"