चिंताकीवालीनं खणलेला खड्डा

चिंताकीवाली माणसांशी कमी आणि जनावरांशी जास्त बोलायची, आणि जनावरांशी बोलायची ती तेलुगूत. तिचं माहेर औरादकडचं चिंताकी. तिथून तेलंगणाची हद्द जवळ. लहानपणी तिकडच्या शेतांवर गुरं राखताना तिनं ती भाषा उचलली होती. आमच्या गावाशी ती कानडीत बोलायची, बिदरच्या बाजारात दखनीत, आणि माझ्याशी मराठीत, तेही माझं काही चुकलं असलं तरच. म्हशीला मात्र गोडीनं म्हणायची, "रा तल्ली, रा." म्हणजे ये माय, ये. आमच्या जनवाड्याकडच्या गावात ते कुणाला कळायचं नाही, म्हणून त्या म्हशीचं नावच तल्ली पडलं. उभ्या संसारात मला तसल्या आवाजात तिनं एकदाही हाक मारली नाही. ती माझी बायको होती. सगळे तिला माहेराच्या नावानं ओळखायचे, मीही चिंताकीवालीच म्हणायचो. ती जाऊन आता दोन वर्षं होतील.

माणूस कसा आहे हे ती त्याच्या जनावराकडं बघून ठरवायची. माझ्या पुतणीला एक स्थळ आलं होतं. पोरगा दिसायला बरा, बोलायला गोड. बापलेक दोघं बैलगाडीनं आले. आम्ही सगळे त्यांच्यासमोर बसलो आणि ही गाडीकडं गेली. परत आली ती तोंड वाकडं करून. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "बैलाच्या खांद्याला जखम हाय, वर माशा बसायल्यात, आन् त्यावरच जू ठेवून आलेत. बैलाच्या खांद्याचं ज्याला दिसंना त्याला बायकोचं काय दिसणार?" स्थळ मोडलं. मी तिला विचारलं, "आमच्याकडं तर बैलच न्हवता. मग मला काय बघून केलंस?" ती म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं?"

आमच्या गावात प्रत्येक जनावराला काम ठरलेलं होतं. बैल नांगराला, गाढव कुंभाराच्या मातीला, घोडं पाटलाच्या मिरवण्याला, कुत्रं खळ्याच्या राखणीला. आमच्याही वस्तीला काम ठरलेलं होतं. त्यातलं कुठलंही जनावर मेलं की ओढून नेऊन गावाबाहेर टाकायचं. जिवंत होतं तोवर ते मालकाचं, मेलं की आमचं. कारहुणवीला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, बैलांची शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं बांधायची, तोरणाखालनं पळवायचे, आणि कुठल्या रंगाचा बैल आधी गेला त्यावरनं यंदा पांढरी ज्वारी पिकणार की तांबडी पिकं, ते सांगायचं. आम्ही लांबून बघायचो. पुरणपोळी खाल्लेला तोच बैल दोन वर्षांनी पाय ताठ करून पडला की आम्हाला निरोप यायचा. चिंताकीवाली सासरी आली तेव्हा हे सगळं चालू होतं. ती म्हणायची, "या गावात जनावर लई नशिबाचं. मरंपर्यंत त्याला जात लागत न्हाई. मेलं की एकदम आमचं व्हतंय."

तल्लीला तिनं माहेराहून रेडकू असताना आणलं होतं. म्हैस मोठी झाली, व्याली, दूध देऊ लागली. ते दूध गावात कुणी घेईना. हॉटेलवाला नाही, पाटलाचा वाडा नाही, देवळाचा पुजारी तर नाहीच. तिच्या शेणाच्या गोवऱ्या चालायच्या. पाटलाच्या चुलीत आमच्याच गोवऱ्या जळायच्या आणि त्यावर त्यांचं दूध तापायचं. मग ही बाई सगळ्या दुधाचं लोणी काढायची, तूप कढवायची आणि डोक्यावर घेऊन चालत बिदरला जायची. तिथं किराणा दुकानदार एक शब्द न विचारता घ्यायचा. पाटलाच्या घरचं तूप त्याच दुकानातून यायचं. पाटलीणबाई एकदा तिच्यादेखत दुसऱ्या बाईला सांगत होत्या, "बिदरच्या तुपाला वासच निराळा." चिंताकीवालीनं घरी येऊन मला हे सांगितलं, पण हसली नाही. म्हणाली, "तूप माझ्याच डोक्यावरनं जातंय. ते बिदरला जाऊन शुद्ध व्हतंय आन् मी हाय तशीच परत येते."

पुढं आमच्या वस्तीनं धम्म घेतला. माझे चुलते थोरले अप्पा वस्तीचे पुढारी. त्यांनी सगळ्यांना बसवून ठरवलं की आजपासून मेलेलं जनावर कुणी ओढायचं नाही, कुणी खायचं नाही. सगळ्यांनी हात वर केले. बायकांत पहिला हात चिंताकीवालीचा होता. त्यानंतर महिनाभरातच पाटलाचा देवणी बैल मेला. निरोप आला, आम्ही गेलो नाही. परत निरोप आला, दम आला, गिरणीत दळण बंद झालं, दुकान बंद झालं. बैल तिथंच फुगत राहिला. शेवटी पाटलाच्या गड्यांनी तोंडाला कापडाची धडपी बांधली आणि दुसरी बैलजोडी आणून मेलेल्याच्या पायाला दोर बांधला. तर जिवंत बैल जवळ जाईनात. वास घ्यायचे, फुरफुरायचे आणि मागं सरायचे. त्यांना मारमारून ते काम करून घेतलं. चिंताकीवाली ते बघून आली आणि म्हणाली, "बैलाला कळालं, हे आपलं काम न्हवं. आमाला कळायला इतके दिस लागले."

गाव ते विसरलं नाही. हातांशिवाय शेती होत नाही म्हणून पुढं रोजगार सुरू झाला, दुकानही उघडलं. पण पाटलाचा कारभारी जाता येता विचारायचा, "काय रं, अजून शुद्धच हाय का? बघू किती दिस ऱ्हातंय." आमचा एक माणूस एकदा जरी चुकला असता तरी सगळी वस्ती परत दोराला जुंपली गेली असती. ते त्याची वाटच बघत होते.

आणि तल्ली मेली.

पाटलाच्या शेतात ज्वारीची विरळणी चालू होती. चिंताकीवाली तिथं रोजानं जायची. उपटलेली कोवळी ज्वारी बायकांना न्यायला दिली. पाऊस लांबला होता, ताटं मलूल झालेली. तसली ज्वारी जनावराला विषासारखी. देणाऱ्यानं जाणून दिली की अजाणता, ते मला माहीत नाही. चिंताकीवालीला ती विषारी आहे हे माहीत होतं, म्हणून तिनं भारा वाळवायला बाजूला टाकला आणि पाण्याला गेली. तेवढ्यात म्हशीनं दावं तोडलं. ती परत आली तेव्हा तल्ली दारात आडवी पडलेली, पोट नगाऱ्यासारखं, तोंडाला फेस. तिनं नळ्यातून तेल पाजलं, तोंडात आडवी काठी बांधली, पोट चोळलं. तेलुगूत काय काय बोलत होती. उजाडायच्या आत म्हैस गेली.

आता ती उचलायची कुणी? गावातलं कुणी येणार नव्हतं. आमची वस्ती जमली, पण लांब उभी राहिली. थोरले अप्पा पुढं आले आणि म्हणाले, "सूनबाई, तुझं दुख्ख मला कळतंय. पण ही म्हस वस्तीतनं ओढत न्हेली तर गाव बघायलंय. उद्या म्हणतील, स्वतःची ओढलीस, मग आमची ओढायला काय झालं? आपल्याला परत तेच दिस येतील."

अप्पा खोटं बोलत नव्हते. रस्त्याच्या पलीकडं चिंचेखाली कारभारी आणि त्याचे दोन गडी येऊन बसले होते, विड्या ओढत, बाजाराला आल्यासारखे.

मी तिला हळूच म्हणालो, "दिवसभर झाकून ठिवू. अंधार पडल्यावर गुपचूप न्हेऊ."

"अंधारात म्हस हलकी व्हती का?" ती म्हणाली. "का अंधारात आपण दुसरे व्हताव?"

मग ती उठली, घरातून पहार आणि कुदळ घेऊन आली आणि म्हशीच्या पाठीला लागून, आमच्या दाराच्या अगदी समोर, खणायला लागली. मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी टिकाव घेतला.

आमच्याकडं वर वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मग तो तांबडा दगड, ज्याचे चिरे कापून बिदरचा किल्ला बांधला. पहार मारली की ठिणगी उडायची, दगड हलायचा नाही. ऊन चढलं. तिच्या तळहाताची कातडी सोलून निघाली, तिनं लुगड्याचा काठ फाडून गुंडाळला. कुणी मदतीला आलं नाही. ठराव मोडू नये म्हणून आमची माणसं लांब, बाट लागू नये म्हणून गावची माणसं लांब. मधे आम्ही दोघं आणि म्हैस. मी त्या दिवशी दोघांनाही मनातून शिव्या दिल्या, आणि आपल्या माणसांना जास्त दिल्या. आजही देतो. अप्पांचं बरोबर होतं, तरी देतो.

दिवस कलायला आला तेव्हा खड्डा पुरेसा झाला. आता म्हैस आत घालायची. चिंताकीवालीनं कंबर सरळ केली आणि अप्पांना विचारलं, "अप्पा, ढकलली तर चालतंय का?"

अप्पांनी विचार केला. खरंच विचार केला. मग म्हणाले, "ओढायचं न्हाई असं ठरलंय. ढकलायचं कुणी काय बोललं न्हवतं."

आम्ही पहार आणि टिकावाचा दांडा खाली घालून तिला उलटी केली. ती पाठीवरून आत गेली. कातडं, शिंगं, सगळं तसंच. माती लोटत होतो तेव्हा कारभारी चिंचेखालून उठून रस्त्यापर्यंत आला.

"काय गं चिंताकीवाली, शेवटी मेलेल्याला हात लावलासच की. मग आमच्या जनावरानं काय घोडं मारलंय?"

तिनं वरसुद्धा बघितलं नाही. "अण्णा, मी कुठं न्हेली? जिथं मेली तिथंच हाय. तुमचं मेलं की तुमीबी दारात खड्डा खणा. पहार लागली तर मागून न्हेवा, देते."

तो गेला. त्या दिवसानंतर आमच्या वस्तीला निरोप आला नाही. हे तिच्यामुळं झालं असं वस्तीत कुणी म्हणत नाही, सगळे ठरावाचंच नाव घेतात. मी म्हणतो.

पण त्या बाईचं त्यात सगळं संपलं. कंबर त्या दिवशी गेली ती गेलीच. नंतर तिला कधी नीट वाकता आलं नाही. पावसाळ्यात ती जमीन खचली, दारासमोर खळगा पडला, म्हणून मी मागच्या भिंतीला दार पाडलं आणि पुढचं बंद केलं. तिनं परत जनावर पाळलं नाही. मी शेळी आणू म्हणालो, कोंबड्या तरी आणू म्हणालो. म्हणाली, "आता मरणारं काई घरात नगं." मी म्हणालो, "मग मला कामून ठिवलंस?" त्यावर म्हणाली, "तुमाला न्यायला लोक येतेत."

तसं झालं नाही. आधी तीच गेली, छातीच्या दुखण्यानं. तिच्या मातीला सगळी वस्ती आली. त्या दिवशी लांब उभे राहिलेले सगळे खांदा द्यायला पुढं झाले. ढकलाढकली झाली खांद्यासाठी. मी कुणाला अडवलं नाही. कारभारी आता म्हातारा झालाय, तोही काठी टेकत आला आणि रस्त्यावर उभा राहिला. मला म्हणाला, "बाई जिद्दीची व्हती." मी पुढं चालू लागलो. तिची स्तुती ऐकायला मी तिथं गेलो नव्हतो.

यंदा उन्हाळ्यात मुलगा गुलबर्ग्याहून आला. तो तिथं नोकरीला आहे. पैसे साठवलेत, घर पाडून स्लॅबचं बांधू म्हणतो. अंगणात फिरून पावलं टाकली आणि म्हणाला, "बाबा, घर पुढं घ्यावं लागंल. इथनं पाया येईल."

"तिथं तुझ्या मायची म्हस हाय," मी म्हणालो.

"माहीत हाय की. हाडंच राहिली असतील. चार माणसं लावू, काढून गाडीत भरून गावाबाहेर टाकून येतील."

"कोणती माणसं?"

तो बोलायला गेला आणि थांबला. शिकलेला आहे, त्याला मला काय म्हणायचं ते लगेच समजलं. जेवला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. मी त्याला सांगून ठेवलंय, माणसं कोणती ते आधी कळव, मग पाया खण. अजून त्यानं कळवलेलं नाही. मी मागच्या दारानं ये-जा करतो.