देवीची झारी आणि आई

बाबा गेल्यावर आईला मी जपानात, एदोगावाला आमच्या घरी घेऊन आले, तेव्हा तिने साड्यांच्या आधी ती तांब्याची झारी बॅगेत ठेवली. आमच्या गावच्या देवीच्या स्नानासाठी संस्थानच्या राजांनी दिलेली. पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे, म्हणून झारीही. तिच्या पोटावर कोरलं होतं, 'श्री आदिशक्तीचरणी महाराजांची सेवा निरंतर.' आई खूप काही विसरायला लागली होती. बाबा गेल्याचंही विसरायची. झारी मात्र रोज चिंचेने घासायची.

एका सकाळी मी खाली कचरा टाकून आले, तर दार सताड उघडं. आई नाही, चपला नाहीत, झारी नाही.

कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत तिचा फोटो दिला आणि सायकल काढली. स्टेशन, बाग, चोवीस तास उघडं असणारं कोंबिनी दुकान, दिसेल त्याला विचारत सुटले. सगळे वाकून माफी मागायचे नि मान हलवायचे. नवरा तोयोसूच्या ऑफिसातून निघाला होता. फोनवर म्हणाला, "नदीकडे बघितलंस?"

तेच मी टाळत होते. बांधावर चढले. काठाला कुणीच नव्हतं. "आई!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने मी या देशात कधी बोललेसुद्धा नव्हते. पाण्याकडे बघवेना, नजरही काढवेना. तिथेच गवतात बसले.

तेवढ्यात चौकीतून फोन आला.

आई खुर्चीत बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत ओली, झारी छातीशी. पोलीस म्हणाला, "नाव विचारलं की या एवढंच सांगतात." त्याने पुन्हा विचारलं. आईने अक्षरांवर बोट फिरवत वाचलं, "श्री आदिशक्तीचरणी..." तिचं नाव समजून तो बिचारा सगळं लिहून घेत होता.

"आई, चल घरी."

तिने झारी मागे ओढली. "हात लावू नका, सोवळ्यातली आहे. तुम्ही कोण?"

माझ्या आईने मला 'तुम्ही' म्हटलं.

"मी देवळातून आलेय," शेवटी म्हणाले. "देवीचं स्नान खोळंबलंय."

"मग आधी नाही का सांगायचं!" ती लगेच उठली आणि भराभर चालू लागली, घराच्या उलट दिशेला.

संध्याकाळी नवऱ्याने दाराला उंचावर दुसरी कडी बसवली. आई बघत उभी होती.

"इथे चोर येतात का हो?" तिने मला विचारलं.

मी हो म्हणाले.