बायजाच्या हातातला कोयता

बायजा मोहवाडीची. शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या काठाला कातकऱ्यांची वीसेक झोपड्यांची ही वस्ती. हंगामात वखारीसाठी गवत कापायचं, एरवी लाकूड फोडायचं, यावर बायजा आणि तिचा नवरा काळुराम यांचं चाले.

अख्ख्या जमातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली रद्द झाला. वाडीत येऊन तसं कुणी सांगितलं नाही. हवालदाराने हजेरीला बोलावणं बंद केलं, त्यावरून लोकांना कळलं. पण चौकीतलं नावांचं बाड काही कुणी फाडलं नाही. आसपास काही हरवलं की पहिली पावलं मोहवाडीकडेच वळत. त्यामुळे वाडीत कुणी निवांत नसे. वहाणांचा आवाज आला तरी बायका उठून उभ्या राहत.

एक्कावन्न सालच्या चैत्रातली गोष्ट. गवताच्या वखारीतून दोरखंडाची दोन बंडलं गेली. वखारीचा मुकादम दगडू काळुरामवर संशय धरून भर दुपारी काठी घेऊन वाडीत आला. बायजा झोपडीमागे लाकडं फोडत होती. तिला आधी नुसता आवाज ऐकू आला. ती पुढे आली तेव्हा काळुराम जमिनीवर पडला होता, डोक्यातून रक्त येत होतं, आणि दगडूची काठी पुन्हा वर गेली होती. बायजा मध्ये पडली. हातातला कोयता तिने चालवला. दगडूची दोन बोटं गेली. दोरखंड काळुरामच्या झोपडीत नव्हता. वाडीत कुठेच नव्हता.

चौकीत फिर्याद लिहिली गेली ती दगडूची. बायजाने दबा धरून वार केला, चोरी पकडली जाईल म्हणून केला, जात कातकरी, जमात चोरीबद्दल प्रसिद्ध, असं त्यात होतं. काळुरामच्या डोक्याचा त्यात उल्लेखच नव्हता. पंचांनी अंगठे उठवले. बायजाने पुनःपुन्हा सांगितलं, नवऱ्याचं डोकं बघा. जमादार म्हणाला, ते नंतर बघू. ते नंतर कधी आलंच नाही.

खालच्या कोर्टात बायजाला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेटने विचारलं, कोयता घेऊन का आलीस? ती म्हणाली, मी तो आणायला गेली नव्हती, लाकडं फोडत होती, हातातच होता.

"नवऱ्याला मारत होता, तर चौकीवर का गेली नाहीस?"

"साहेब, चौकी दोन कोस लांब," बायजा म्हणाली. "आणि डोकं काठीखाली."

घातक हत्याराने गंभीर दुखापत केली म्हणून तिला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. नवऱ्याला मारहाण झाल्याचा काही पुरावा नाही, असं निकालात लिहिलं होतं.

ठाण्याच्या तुरुंगात बायजा बसायची नाही. दळण झालं की बराकीत भिंतीच्या कडेकडेने चालत राहायची. इतर बायका वैतागायच्या. बस ना गं, म्हणायच्या. ती थोडा वेळ बसायची आणि पुन्हा उठायची. काळुराम काय खात असेल, की त्यालाही आत टाकलं असेल, हेच तिच्या डोक्यात फिरत असे.

काळुराम बाहेर होता. जखम पुन्हा चिघळली म्हणून तो सरकारी दवाखान्यात गेला. मारहाण झाली त्या दुपारी वाडीतल्या लोकांनी त्याला इथेच आणलं होतं, आणि तिथल्या नर्सबाई कमळाबाई यांनीच त्याला पाच टाके घातले होते. बायको तुरुंगात का, हे विचारता विचारता त्यांना सगळं कळलं. मारहाणीचा पुरावा नाही? कमळाबाईंनी रजिस्टर काढलं. तारीख, वेळ, जखमेची लांबी, सगळं त्यांच्याच अक्षरात होतं. काळुरामची नोंद दगडूला दवाखान्यात आणलं त्याच्या अर्धा तास आधीची होती.

कमळाबाई कोपरीला राहत. शेजारी त्र्यंबकराव वकील होते, म्हातारे, प्रॅक्टिस जवळपास सोडलेले. त्यांनी वरच्या कोर्टात अपील केलं आणि ते रजिस्टर पुराव्यात घ्या म्हणून अर्ज दिला. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला बायजाला कोर्टात आणत, आणि प्रत्येक वेळी ती पिंजऱ्याचा कठडा धरून उभीच राहायची.

शेवटी कमळाबाईंची साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, हे लोक दारू पिऊन आपसात मारामाऱ्या करतात, ही जखम तशी नसेल कशावरून? कमळाबाई म्हणाल्या, "रजिस्टरात जातीचा रकाना आहे. जखम बघताना मी तो बघत नाही. मार काठीचा होता."

त्र्यंबकरावांचं म्हणणं थोडक्यात होतं. आपला किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी केलेला वार गुन्हा नाही, हा हक्क कायद्याने सगळ्यांना दिला आहे. हीच बाई ब्राह्मणआळीतली असती तर पोलिसांनी पहिली तिच्या नवऱ्याची जखम लिहिली असती.

जज्जसाहेबांनी बायजाला निर्दोष सोडलं. काठी उगारलेली असताना आपला वार किती खोल जाईल हे कुणी मोजत बसत नाही, असं ते म्हणाले. जखम कागदावरून गाळली कुणी, यावर मात्र ते काही बोलले नाहीत. बायजाचे नऊ महिने तुरुंगात गेले होते.

वखारीत तिला पुन्हा काम मिळालं नाही. आजूबाजूच्या वखारींतही नाही. दोघं नदीतली रेती काढू लागली. रात्रभर गाढ झोप अशी तिला पुढे लागलीच नाही, असं काळुराम सांगायचा.

पण एक झालं. वाडीतल्या कुणाला मारहाण झाली, कुणाला धरून नेलं, की बायजा आधी त्याला दवाखान्यात न्यायची आणि मग चौकीवर. सत्तावन्न साली शेजारच्या वाडीतल्या गणूला रेतीवाल्यांनी फोडून काढलं आणि वर त्याच्यावरच चोरीची फिर्याद दिली. बायजा त्याला धरून चौकीच्या दारात उभी राहिली. जमादार नवा होता. त्याने तिला बाकावर बसायला सांगितलं.

"बसत नाही," ती म्हणाली. "आधी याची पाठ लिहा."

जमादाराने दोन तास टाळाटाळ केली. ती दोन तास उभी होती. मग त्याने दौत पुढे ओढली आणि गणूला सदरा काढायला सांगितलं.