बाबांच्या गाडीचा पंखा

माझ्या सासऱ्यांची गाडी मी बंद पाडली.

आणि त्याबद्दल त्यांनी मला पेढा भरवला.

आज बाबांचं वर्षश्राद्ध झालं. कोलार रोडच्या घरी पंगत उठली, पाहुणे गेले, आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मी गच्चीवर येऊन बसलोय.

कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहितोय.

बाबा बरखेड्याच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इलेक्ट्रिकल टेक्निशियन होते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, पण क्वार्टरच्या दारातली पांढरी गाडी त्यांनी सोडली नाही. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी.

गाडीला एकच खोड होती. उन्हाळ्यात तापायची.

तिचा मूळचा पंखा पत्र्याचा, इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन जोरात तर पंखा जोरात. ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद, की पंखाही मंद. म्हणजे नेमकी हवा हवी तेव्हाच हवा नाही.

बाबांचा उपाय साधा होता. गाडी कडेला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि आईंबरोबर चहा प्यायचा. इंदूरला जाताना सीहोरला तर हमखास थांबायचे.

"इतकी गर्मी आहे, तिलाही जरा दम खाऊ द्या की!"

मला ते बघवायचं नाही. मी पुण्याचा, त्यात मेकॅनिकल इंजिनिअर. म्हणजे विचारायलाच नको.

बाबांच्या पंच्याहत्तरीला मी ठरवलं, गाडीला इलेक्ट्रिक पंखा बसवायचा. टेम्परेचर वाढलं की आपोआप सुरू होणारा. इंजिन मंद असो की जोरात, त्याला फरक नाही.

बाबा-आई एका लग्नाला ग्वाल्हेरला गेले होते. मी गुपचूप चावी घेतली आणि गाडी अशोका गार्डनमधल्या सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. तेच नेहमी तिचं काम करायचे.

सलीमभाई डोकं खाजवत म्हणाले, "साहब, इसमें पुराना डायनमो है। इतना करंट नहीं देगा। पहले वो बदलवा लो, नहीं तो ये पंखा रहने दो।"

"इतना सा पंखा है भाई, कितना करंट खाएगा?"

डायनमो बदलायला दोन दिवस लागणार होते, आणि बाबा दुसऱ्याच दिवशी परत येणार होते. माझं सरप्राइज कसं चुकवायचं? मी तसाच पंखा बसवून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बॉनेट उघडलं.

आधी पंख्याकडे पाहिलं. मग डायनमोकडे. मग पुन्हा पंख्याकडे.

सगळी नोकरी मोटर आणि करंट यांच्यात काढलेला माणूस. त्याला कळायला कितीसा वेळ लागणार? हे मला आज सुचतंय.

"वा निखिलराव! एकदम बढिया." आणि पेढा.

मग इतकंच विचारलं, "जुना पंखा कुठे ठेवलात?"

"भंगारात दिला, बाबा. आता काय त्याची पूजा करायची?"

सगळे हसले. बाबाही हसले.

त्यानंतर बाबांनी गाडी काढणं हळूहळू कमी केलं. आधी संध्याकाळची फेरी बंद झाली, मग इंदूरची ट्रिप. शेवटी शेवटी नुसती रविवारी पुसायचे.

आम्ही म्हणालो, वय झालं. मी तर मृणालला, माझ्या बायकोला, वर म्हणालो, "बरंच झालं. या वयात ट्रॅफिकमध्ये नकोच."

आज जेवणं झाल्यावर मी आईंना विचारलं, "गाडी विकून टाकायची का? बाबा तसेही चालवत नव्हते."

आई म्हणाल्या, "चालवत नव्हते, कारण ती रस्त्यात बंद पडायची."

मला काही कळेना.

"दिवे लावले आणि पंखा सुरू झाला, की दिवे मंद व्हायचे. एकदा रात्री कुणाच्या तरी लग्नाहून येताना बॅटरी उतरून सिग्नलला बंद पडली, ती सुरूच होईना. मागून सगळे हॉर्न मारताहेत. मला म्हणाले, तू स्टेअरिंग धर. आणि स्वतः ढकलत होते. पंच्याहत्तरीचा माणूस! मग ऑटोने घरी आलो."

"मला फोन का नाही केलात?"

"मी म्हटलं होतं. तर म्हणाले, जावयाने हौसेने दिलंय, त्यात खोट काढायची? जावयाच्या हातचं कुणी परत करतं का?"

"निदान डायनमो तरी बदलून घ्यायचा."

"तेही म्हटलं. म्हणाले, सलीमला सांगितलं की निखिलरावांच्या कानावर जाणार. त्यांना वाईट वाटेल."

मग ताटं आवरता आवरता म्हणाल्या, "मुलगा असता ना, तर चांगला झापला असता त्याला. तुम्ही पडलात जावई."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. मला मात्र तिथे उभं राहवेना.

इतकी वर्षं मी ऑफिसमध्ये सांगत आलोय, "माझे सासरे मला मुलासारखं मानतात." कसलं मुलासारखं! त्यांनी मला पाटावर बसवून ठेवलं, आग्रह करकरून वाढलं, कधी शब्दाने दुखावलं नाही. आणि मीही ऐटीत बसून राहिलो. त्यांच्या मानाला मी होकार समजलो.

पंखा कुठला चांगला, यावर मी अजूनही तासभर बोलू शकतो. पण गाडी त्यांची होती. सीहोरचा चहा त्यांचा होता. थांबणं हाच कदाचित त्यांना आवडणारा भाग असेल. मला माहीत नाही, कारण मी कधी विचारलंच नाही.

आता सलीमभाई पुन्हा तसा पत्र्याचा पंखा शोधूनही देतील. गाडी चालेलही. पण चालवणार कोण?

बाबा, चुकलं माझं. मनापासून श्रद्धांजली.

एकदा तरी मला झापायला हवं होतं तुम्ही.