मालनची डावी बाजू

मालन गेली.

सकाळी चहा घेऊन गेलो तर उठलीच नाही.

दुपारी इथं गावात, अंथुर्ण्याला, सगळं उरकलं. घरात पाहुणे आहेत. मी बाहेर ओट्यावर बसून हे टाईप करतोय. फोन सारखा वाजतोय आणि प्रत्येकाला तेच ते सांगायला तोंड उघडत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मालन माझी बायको. हायस्कूलला ड्रॉइंग टीचर होती. ही पोस्ट वाचणाऱ्या कितीतरी जणांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट तिच्याच हाताखाली दिली असेल.

मी साखर कारखान्यात नोकरीला. चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तिच्यासोबत राहून काही शब्द तेवढे कानावर पडले. समतोल, लय, विरोध, केंद्रबिंदू.

पोरांना सांगायची, "उसाच्या सऱ्या बघा. एकीमागं एक, एकीमागं एक. ही लय. पण मधीच पाटाचं वळण आलं की डोळा थांबतो. सगळंच सारखं असलं की डोळा झोपतो."

मला सांगायची, "अहो, चौकड्याच्या शर्टाखाली पट्ट्यांची पँट घालू नका. दोघांची भांडणं लागतात."

मग तिला पॅरालिसिसचा झटका आला.

बारामतीला नेलं. जीव वाचला. डावा हात, डावा पाय लुळा पडला. पाय पुढं सुधारला, काठी घेऊन चालायला लागली.

पण आणखी काहीतरी बिनसलंय, हे घरी आल्यावर कळलं.

चटणी का वाढली नाही म्हणून माझ्यावर चिडली. चटणी होती. ताटात डावीकडं.

केस विंचरले. फक्त उजवीकडचे.

डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांना काही झालेलं नाही. त्यांचा मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाही. समोर जेवढं जाणवतं, तेवढंच जग आहे असं त्यांना वाटतं."

एक दिवस तिनं कागद-पेन्सिल मागितली. जास्वंद काढली. काय सुंदर काढली.

पण अर्धीच. उजव्या अंगाच्या पाकळ्या, उजवीकडचं पान. डावीकडं कोरा कागद.

"झालं," म्हणाली.

"आणि डावीकडं?"

"आहे की."

मी आत जाऊन नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो.

फिजिओच्या मॅडमनी सांगितलं, कागदाच्या डाव्या कडेला रंगीत पट्टी चिकटवा. पट्टी दिसेपर्यंत मान फिरवायची, मगच चित्र सुरू करायचं. लासुर्ण्याच्या दुकानात मिळाली ती फिक्की गुलाबी पट्टी घेऊन आलो.

मालननं ती हातात घेऊन बघितली.

"ही पांढऱ्यावर कुणाला दिसणार? डोळ्याला ओढून न्यायचंय ना? मग विरोध पायजे. काळी आणा. हे मी आठवीला शिकवते."

झटक्यानंतर पहिल्यांदा हसली ती.

काळ्या पट्टीनं काम केलं. रोज मान फिरवायची, पट्टी शोधायची. कधी सापडायची, कधी नाही. नाही सापडली की पेन्सिल भिरकावून द्यायची.

आजारी पडायच्या आधी तिनं विहाराच्या भिंतीवर बोधिवृक्ष काढायचा शब्द दिला होता. सगळे म्हणाले, राहू दे आता. ही म्हणाली, "काढणार."

मी सुट्ट्या टाकल्या. स्टूल धरायचं, रंग कालवायचे, आणि सारखं म्हणत राहायचं, "अजून डावीकडं, मालन. अजून."

झाड झालं. विहार कमिटीचे तात्या बघायला आले. बराच वेळ बघत राहिले.

"बाय, झाड उजव्या अंगाला कललंय की गं. तुजी तब्येत बरी न्हाय. ऱ्हायलेलं पेंटरकडनं करून घेऊ. त्यात काय हाय?"

मालन माझ्याकडं वळली.

"तुमी खरं सांगा. कललंय?"

उजवीकडं फांद्या दाटून आल्या होत्या. डावीकडं चार काटक्या.

"व्हय," म्हणालो.

ती खाली बसली. तात्या घुटमळत उभेच. मला वाटलं, आता ही ब्रश ठेवणार.

पण ती म्हणाली, "समतोल म्हणजे दोन्हीकडं सारखं नव्हं, तात्या. दोन्हीकडचं वजन सारखं. लहान, पण गडद काहीतरी लांब ठेवलं की ते मोठ्याला तोलून धरतं."

मग मला, "मला डावीकडं घेऊन चला. लांब. मी थांबा म्हणेपर्यंत."

भिंतीला हात लावत आम्ही सरकलो. एका जागी थांबली. तिथं एकच पान काढलं, झाडावरून सुटून वाऱ्यानं लांब गेलेलं. जवळजवळ काळं.

तात्या मागं मागं सरकत रस्त्यापर्यंत गेले.

"आता बसलं," तिथनंच ओरडले.

मालनला ते पान सहज दिसायचं नाही. विहारात गेली की काठी टेकून मान फिरवायची, फिरवायची, आणि सापडलं की "हं" म्हणायची.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. बरी होती. काल रात्री नीट जेवली. दुसरा झटका झोपेतच आला असावा, असं डॉक्टर म्हणाले.

मला अजून रडू आलेलं नाही. बहीण म्हणते, रड. येत नाही तर काय करू.

लग्न झाल्यापासून मी पलंगावर तिच्या डाव्या अंगाला झोपायचो. आजारपणानंतर जागा बदलली. डावीकडं असलो तर जाग आल्यावर तिला मी दिसायचो नाही, हाका मारत बसायची.

दुपारी वंदनेच्या वेळी लोकांनी मला तिच्या डाव्या हाताशी उभं केलं. मी सगळ्यांना वळसा घालून उजवीकडं गेलो.

श्रद्धांजली तुम्ही लिहा. माझा हात धजत नाही.

मालन, जयभीम.