दात नसलेले पाहुणे

"३१ ऑक्टोबर, शुक्रवार. उकाडा, वारा नाही. तेओफिलच्या कबरीला चुना देऊन झाला. इंग्रिडचा भोपळा बसला. एतियेन रडला."

एवढं लिहून अझेलीबाईंनी वही मिटली. रात्रीच्या मजकुराला खाली जागा सोडली. दिवसाची नोंद दिवसाच करायची, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली सवय.

बाहेर पायरीवर भोपळा खरोखरच खाली बसला होता. रविवारी इंग्रिडनं मुलांना घेऊन त्याला डोळे-दात कोरले, तेव्हा अझेलीबाई हळूच म्हणाल्या होत्या, "अगं, फ्रिजमध्ये तरी ठेव." "आमच्याकडे महिनाभर टिकतो, मामेर," असं म्हणून सून हसली होती. मामेर म्हणजे इथल्या बोलीत आजी; मुलांबरोबर तीही सासूला तेच म्हणायची. तिचं माहेर पार उत्तरेला, मिनेसोटात. तिथं हॅलोविनला मुलं कोटावर सोंग चढवतात. इथं लुइझियानात, बायूच्या, म्हणजे संथ पाण्याच्या फाट्याच्या काठी, ऑक्टोबर संपला तरी पंखा बंद करता येत नाही. भोपळ्याच्या तोंडाला बुरशी आली होती आणि डोळ्यांतून मुंग्यांची रांग लागली होती.

पाच वर्षांचा एतियेन अस्वलाच्या केसाळ पोशाखात घामानं भिजून पायरीवर बसला होता. पोशाख मिनेसोटाच्या आजीनं पाठवलेला. तीन वर्षांची लिडी काडीनं मुंग्या मोजत होती.

"याला आता कोण घाबरणार?" एतियेननं मुसमुसत विचारलं.

इंग्रिडनं भोपळा फावड्यानं उचलून कचऱ्यात टाकला. मग स्वयंपाकघरात येऊन, सासूकडे न बघता, ती म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून मी ऑक्टोबरमध्ये मुलांना आईकडे नेत जाईन. तुमचा क्लोविस तर निम्मा महिना समुद्रात, तेलाच्या विहिरीवर, आणि तेवढे दिवस आम्ही इथं तुमच्याकडे. इथं मला हा सण सणासारखा वाटतच नाही, मामेर."

आज ऑक्टोबर तिकडे गेला की उद्या नाताळही तिकडे जाणार, मग मुलांची शाळाही. हे अझेलीबाईंना न सांगताही कळत होतं. पण सुनेशी वाद घालायचा नाही, हे त्यांनी लग्नाच्या दिवशीच ठरवलं होतं.

ओट्यावर मिर्लितोनं पसरली होती. तेओफिलनं, त्यांच्या गेलेल्या नवऱ्यानं, कुंपणावर चढवलेल्या वेलाची, फिकट हिरवी, मुठीएवढी फळं. उद्या सर्व संतांचा दिवस. कबरीवर मेणबत्त्या लावून आलं की कोळंबी भरलेली मिर्लितोनं जेवायची, हे घराचं ठरलेलं. अझेलीबाईंनी एक उचललं, उलटं केलं आणि बाहेर जाऊन एतियेनपुढे धरलं. फळाचं बूड सगळं आत मुडपलेलं.

"हा कोण सांग?"

एतियेननं नाक पुसलं. "कवळी काढल्यावर तू."

"चोंबड्या. जा, लवंगांची बरणी आण."

लवंगा टोचल्या की डोळे झाले. कांद्याच्या पातीच्या मुळ्यांची दाढी झाली. लिडीनं एकाला चार डोळे दिले आणि कुणाला हात लावू देईना. इंग्रिड दारात उभी राहून बघत होती. थोड्या वेळानं ती आत गेली, कात्री घेऊन आली आणि मुलाला म्हणाली, "हात वर कर." अस्वलाच्या बाह्या खांद्यापासून कापून निघाल्या.

"तिकडची आजी रागावेल ना?" एतियेननं विचारलं.

"तिला सांगू, इथली अस्वलं अशीच असतात."

तिन्हीसांजेला सगळे बोळके चेहरे पायऱ्यांवर ओळीनं बसले. मागे काचेच्या पेल्यांत उद्या कबरीवर लावायच्या मेणबत्त्या. शेजारचे अल्सीद नातवंडांना घेऊन आले आणि फाटकाशीच थबकले.

"अझेली, तुझ्या माहेरची मंडळी आली वाटतं."

"तुझा भाऊपण आहे त्यात. शेवटून दुसरा बघ."

अल्सीद वाकून खरंच बघायला लागले, तशी इंग्रिड पोट धरून हसली. भोपळा टाकल्यापासून पहिल्यांदाच. गल्लीतली पोरं येत राहिली. चॉकलेटं कधीच पातळ झाली होती, म्हणून अझेलीबाईंनी अक्रोडासारखे पिकान घातलेल्या साखरेच्या वड्या वाटल्या.

मुलं झोपल्यावर दोघी लवंगा काढायला बसल्या. इंग्रिडनं चार डोळ्यांचं मिर्लितोन हातात घोळवलं.

"याचं बी कुठं असतं, मामेर?"

"वेगळं बी काढत नाहीत. अख्खं फळच ठेवायचं. कोंब आला की पुरायचं."

"आणि फळं कधी धरतात?"

"पुढच्या ऑक्टोबरात."

इंग्रिड ते फळ बाजूला ठेवत म्हणाली, "मग हे उकडू नका. आमच्या घराच्या मागच्या कुंपणाला ऊन चांगलं येतं."

अझेलीबाईंनी मान हलवली आणि पातेल्यात पाणी भरलं. निजण्यापूर्वी वही उघडून त्यांनी सोडलेल्या जागेत लिहिलं: "मिर्लितोनं उकडून झाली. एक ओट्याखाली परडीत, कोंबासाठी."