पेटीतली रिकामी वीत

माझं दिग्रसला बोअरच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. तोंड माझं फटकळ. गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय रहेमानचा पान्हा फिरत नाही, असं बाजारातली माणसं म्हणतात आणि खरंच म्हणतात. असल्या माणसानं हिरासिंग राठोडबद्दल लिहायला बसावं, याचं कोणाला हसू आलं तर खुशाल हसा. तो शांत, मी तापट. आमची वीस वर्षांची दोस्ती कशी टिकली ते मला कधी कळलं नाही. कशी तुटली ते चांगलं माहीत आहे.

हिरासिंग दिग्रसपासून चौदा किलोमीटरवरच्या तांड्यातला. मिसरूड फुटायच्या आत बोअरच्या गाडीवर लागला आणि पुढे जमिनीतले धातू शोधणाऱ्या कंपन्यांकडे गेला. पाण्याची बोअर दगडाचा भुगा करते. त्यांची मशीन दगड गोल कापून अख्खा वर काढते, मनगटाएवढी जाड दांडी. तिला कोअर म्हणतात. ती लाकडी पेटीच्या खाचांत ओळीनं लावायची आणि किती मीटरवरची ते लिहून ठेवायचं. वर्षानंतर कोणी पेटी उघडली तर जमिनीच्या पोटात काय आहे ते वरपासून खालपर्यंत वाचता आलं पाहिजे.

या कामात हिरासिंगच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की दगड पेटीत जायच्या आधी तो त्यावर मेणाच्या पेन्सिलीनं दोन लांब रेषा मारायचा. उजवीकडे लाल, डावीकडे निळी. मग दगड फुटला, कोणी उलटा ठेवला, तरी वरचं टोक कोणतं ते कळतं. ताटावर बसलेला असला तरी कोअर वर आली की उठून आधी रेषा मारायचा. दुसरी रीत म्हणजे पेटीतला तुकडा कोणाला द्यायचा नाही. पाहुणा मागो की अधिकारी, नाही म्हणजे नाही. आणि एखादा तुकडा खरंच गहाळ झाला, तर तेवढ्याच लांबीचा लाकडाचा ठोकळा त्या जागी ठेवायचा. रिकामी जागा खोटं बोलते, असं त्याला त्याच्या साहेबांनी शिकवलं होतं.

साहेब म्हणजे देवस्थळे. दगडांचे मोठे जाणकार. बावीस वर्षं हिरासिंग त्यांच्याबरोबर फिरला. हिमालयातल्या एका कॅम्पवर तर दोघं चार महिने एका तंबूत राहिले. तिथं खेचरानं हिरासिंगची निळी पेन्सिल चावून टाकली आणि नवी यायला नऊ दिवस लागले. मग खालच्या गावातल्या शाळेतून त्यानं हिरवा खडू आणला आणि नऊ दिवस निळीच्या जागी हिरवी रेषा मारली. साहेब तेव्हा पोट धरून हसले होते. ही गोष्ट हिरासिंगनं मला किमान दहा वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी त्याच जागी हसला असेल.

साहेबांचं शिक्षण तो माझ्या दुकानात बसून मला द्यायचा.

"जमिनीची साल सारी सारखी जाड नसते, रहेमानभाई. जिथं मोठे पहाड उभे राह्यले, तिथं ते खाली लय जाड असते. खालचा वितळलेला दगड वर याले पायते, पन सालीत अटकते. मंग तिथंच मुरत राह्यते, लाखो वर्स. मुरता मुरता पानी अन् तांबं येगळं निंगते. भेग सापडली का वर चढते अन् गारगोटीच्या शिरांत बसून जाते."

"मग आपल्याकडं काहून नाही?" मी विचारलं. "आपल्याकडं तर सारा वितळलेलाच दगड आहे म्हन्ता."

"आपल्याकडं साल फाटली न् भाऊ. सारं भसाभसा वर आलं अन् पसरलं. मुराले टाइमच नाही भेटला. दूध उतू गेल्यावर साय कुठून येईन?"

सातवी शिकलेला माणूस! मला त्याचा अभिमान वाटायचा, आणि थोडा हेवाही.

तीन वर्षांपूर्वी देवस्थळे साहेब स्वतः तांड्यात आले. आता ते एका नव्या कंपनीत होते. त्यांचं म्हणणं, आपला काळा दगड ही वरची गोधडी आहे. तिच्याखाली फार जुन्या, झिजून सपाट झालेल्या पहाडाची मुळं असू शकतात, आणि पहाड होता तर तांबंही असेल. बोअर मारायची होती तांड्याच्या ई-क्लास जमिनीवर. चाळीस एकर गायरान, तांड्याची सगळी जनावरं तिथंच चरतात. तांबं निघालं की जमीन कंपनीकडे जाणार, हे सगळ्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

तांडा तयार नव्हता. शेवटी तांड्याचे प्रमुख सेवादास नायक हिरासिंगला म्हणाले, "आमाले दगडातलं काय समजते? तू सांगशीन तर देऊ."

मंदिरापुढच्या पांढऱ्या निशाणाला हात लावून हिरासिंग सगळ्यांसमोर बोलला. "तांबं असन तर निंगन. नसन तर जमीन जशीच्या तशी वापस. पन माहे साहेब खोटा दगड दाखवनार नाहीत. याची जबान माही." ठराव पास झाला. तांड्यानं कंपनीवर नाही, साहेबांवर नाही, हिरासिंगच्या जबानीवर सही केली.

तीन बोअर मारल्या. वर काळा दगड, खाली गुलाबी, त्यात तांब्याचा ठिपकासुद्धा नाही. तिसऱ्या बोअरला दोनशे चौदा मीटरवर पाण्याचा पंप बंद पडला आणि मला बोलावणं आलं. शिव्या घालत मी रबर बदललं. तोवर आतली कोअर बाहेर निघाली होती. ओला गुलाबी दगड, डाळिंबाच्या दाण्यांसारखा चमकत होता. मी म्हटलं, "हिरासिंग, हा मले दे. दुकानात बिलं उडून जातात, त्याच्यावर ठेवीन."

त्यानं आजूबाजूला बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पेटीतला तुकडा उचलला. वीतभर लांब, लाल-निळ्या रेषांसकट. माझ्या हातात दिला आणि त्या जागी मोजून लाकडाचा ठोकळा बसवला. "कोनाले सांगू नको," म्हणाला आणि लाजल्यासारखा हसला.

पेट्या तपासणीला नागपूरला गेल्या. महिन्यानं परत आल्या त्या कंपनीनं घातलेल्या मांडवात. बाहेरून पाहुणे आले होते, पैसा लावणारे. टेबलांवर पांढरी कापडं, त्यांवर तिसऱ्या बोअरच्या पेट्या. तांडा एका बाजूला उभा. मलाही बोलावलं होतं, कारण पुढच्या सगळ्या मशीनच्या पंपांचं काम मला देऊ असं साहेब म्हणाले होते. माझ्या खांद्यावर त्यांनी हातही ठेवला होता.

दोनशे चौदा मीटरच्या पेटीत राखाडी दगड होता. गारगोटीच्या पांढऱ्या शिरा आणि त्यांत तांब्याचे पितळी ठिपकेच ठिपके. पाहुणे वाकून मोबाइलवर फोटो काढत होते. साहेबांनी हिरासिंगला पुढे बोलावलं. "हे आमचे सर्वांत जुने ड्रिलर. याच गावचे. प्रत्येक दगड यांच्या हातातून गेला आहे."

हिरासिंग पेटीशी गेला. एक तुकडा उचलला, उजेडात फिरवला, पुन्हा ठेवला. दुसरा उचलला. मग अंगठ्यानं त्याच्यावरची रेघ चोळून पाहिली.

"साहेब, ही रेघ हिरवी आहे," तो म्हणाला.

साहेब हळूच बोलले, "हिरासिंग, नंतर."

"हा तर आपला तिकडचा दगड होये. बर्फातला. खेचरानं पेन्सिल खाल्ली थ्या वक्ताचा."

पाहुण्यांनी मोबाइल खाली केले. मग साहेब मोठ्यानं, अगदी गोड आवाजात म्हणाले, "रेषा कोणी मारल्या हिरासिंग? अक्षर कोणाचं?"

"रेघा माह्याच आहेत."

"मग झालं तर." साहेब पाहुण्यांकडे वळून हसले. "वय झालं की सगळे कॅम्प एक वाटायला लागतात."

बावीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस! हिरासिंगनं जपून मारलेल्या रेषा त्यांनी त्याच्याच गळ्यात अडकवल्या. हिरासिंगचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. पण तो मागे हटला नाही. तांड्याकडे वळला.

"या पेटीत मी लाकडाचा ठोकळा ठेवलता. वीतभर. पाहा, कुठी आहे ठोकळा? तिथला दगड गुलाबी होता. थो मी रहेमानभाईले देल्ला. त्याच्या दुकानात आहे, लाल-निळ्या रेघांचा. रहेमानभाई, सांग यायले!"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. नायक, पाहुणे, साहेब. हिरासिंगच्या डोळ्यांत मात्र आता काळजी नव्हती. माझ्यावर त्याचा तेवढा भरवसा होता.

बाजारात कोणालाही आडवं घेणारा मी. माझी नजर साहेबांकडे गेली. खांद्यावरचा तो हात आठवला, पंपांचं काम आठवलं. मी म्हणालो, "मी तर पंपात डोकं घालून होतो. दगड-बिगड काही पाह्यला नाही बुवा."

बस, एवढंच बोललो.

 हातातला तुकडा हिरासिंगनं पेटीत नीट ठेवला, वरचं टोक वर करून, आणि मांडवातून निघून गेला. मागून रुपीबाई, त्याची बायको, माझ्यापुढे क्षणभर थांबली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तीही गेली.

कंपनीनं गायरानाला तारेचं कुंपण घातलं. पाहुण्यांचा पैसा गोळा झाला आणि वर्षाच्या आत कंपनी गायब, साहेबही गायब. पंपांचं काम मला मिळालंच नाही. कुंपण अजून आहे. जमीन कोणाची याचा खटला चालू आहे आणि जनावरं तीन किलोमीटर वळसा घालून चरायला जातात. हिरासिंग पुन्हा पाण्याच्या बोअरवर लागला. पूर्वी तो "पानी नाही, मशीन काढा" म्हणाला की तांडा ऐकायचा. आता त्याच्या घरचे लोकसुद्धा म्हणतात, "पहिले भुगा दाखव." तो मूठभर भुगा हातावर घेऊन दाखवतो. रागावत नाही.

मांडवातून परत आलो त्याच दिवशी मी तो गुलाबी दगड ड्रॉवरमध्ये टाकला होता. बिलं उडायची ती उडू दिली.

मागच्या महिन्यात हिरासिंग दुकानात आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. दुसरीकडे पंपाचं रबर मिळालं नव्हतं, म्हणून. मी दिलं. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. शेवटी ड्रॉवर उघडून दगड त्याच्यापुढे ठेवला. "घेऊन जाय," मी म्हणालो. "तांड्यात दाखव. मी येतो संग. सारं सांगतो. नायकांसमोर, कोर्टात, जिथं म्हनशीन तिथं."

त्यानं दगड उचलला. मी तो उलटा ठेवला होता. त्यानं सवयीनं फिरवून सरळ केला, लाल रेघ उजवीकडे आली. अंगठ्यानं धूळ पुसली आणि दगड माझ्या बिलांवर ठेवून दिला.

"कोर्टात लागन तवा ने," तो म्हणाला. "तांड्याच्या कामाचा आहे थो. मले नको." मग रबर खिशात घालत, आवाज न चढवता म्हणाला, "साहेबाचं काय, थो साहेब होता. पन उभ्या जिंदगीत मी एकाच मानसासाठी पेटीत लाकूड ठेवलं, रहेमानभाई."

मी चहा सांगितला होता. तो यायच्या आधीच हिरासिंग दुकानाची पायरी उतरून रस्त्याला लागला.